प्लास्टरवरचा शब्द

आमचे डॉक्टर माणसाला तोंडावरून ओळखत नसत, पायावरून ओळखत. मंचरच्या बाजारात कुणी समोर येऊन रामराम घातला की ते आधी त्याच्या पायांकडं बघायचे आणि मग त्यांचा चेहरा उजळायचा. “अरे, तुम्ही उजवी नडगी, नवी लादी! कसं हाय आता?” समोरच्या म्हातारीला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तीही भाजीवाल्यांच्या पुढ्यात लुगडं वीतभर वर घेऊन नडगी दाखवायची आणि डॉक्टर भर रस्त्यात उकिडवे बसून ती पेनानं टकटक वाजवून बघायचे. मागून ट्रक हॉर्न देत राहायचा. हायवेवरच्या ट्रकला वाट द्यायची घाई त्यांना कधी नव्हती, कारण ट्रकवाल्याचे पाय केबिनमध्ये असल्यानं दिसत नसत.

हॉस्पिटलच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण पाटी वाचून कुणी आल्याचं मला आठवत नाही. सगळे ‘नडगीवाले डॉक्टर’ म्हणूनच यायचे. ते मूळचे लातूरकडचे. इतकी वर्षं आमच्यात राहून त्यांना आमचं ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ बोलता येत होतं, तरी ‘पडलाव’ काही सुटलं नाही. “कसं पडलाव?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुखतंय का, हे नंतर.

स्कूटरवर ते क्रिकेटचे पॅड बांधून बसत. हे मी वाढवून सांगत नाही. पांढरे, पट्ट्यांचे, बॅट्समन बांधतात तसले दोन्ही पायांना पॅड, वर इस्त्रीचा शर्ट, आणि क्वार्टरपासून हॉस्पिटलपर्यंत स्कूटर. शाळेची पोरं कुंपणावरून “आऊट!” म्हणून ओरडायची. ते हात वर करून अंपायरकडं बघितल्यासारखं करायचे आणि पुढं जायचे. डोक्याला सगळे हेल्मेट घालतात, नडगीनं काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. नडगीवर मांस नाही, चरबी नाही, नुसतं कातडं आणि खाली हाड. देवानं तिथं कंजूषपणा केलाय, तेव्हा आपणच काहीतरी बांधायला हवं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी जिथं तिथं सांगते आणि सांगायला मला लाज वाटत नाही. बी.एस्सी., संख्याशास्त्र. माझ्या वडिलांना हा विषय नेमका काय ते आजही सांगता येत नाही, पण कुणी विचारलं की ते म्हणतात, “मोजायचं शिकलीय. साधं न्हाई, लई अवघड मोजायचं.” गुडघ्याखालचा पाय मोडून हॉस्पिटलात येणाऱ्या माणसांचा डॉक्टरांनी अभ्यास काढला होता. कोण माणसं, कुठली, कोणत्या महिन्यात, कशानं. त्यासाठी त्यांना अवघड मोजणारं माणूस पाहिजे होतं.

मुलाखतीला मी सर्टिफिकिटांची फाईल छातीशी धरून गेले. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. माझ्या चपलांकडं बघत विचारलं, “तुम्ही कधी पडलाव?”

मी म्हणाले, चौथीत असताना बांधावरून पडले होते. बांधावरून कशानं? वासरू मागं लागलं म्हणून. वासरू कशानं मागं लागलं? मी माझ्या चपलांकडं बघितलं. मग म्हणाले, मी त्याची शेपटी ओढली होती.

“झालं,” ते म्हणाले. “कारण सापडेस्तोवर मागं जाणारं माणूस पाहिजे होतं. उद्यापासून या, ओ ग्रॅज्युएट.”

तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकावरून “ओ ग्रॅज्युएट” अशी हाक यायची आणि सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायचा. दुसऱ्या कुणाला ते टोमण्यासारखं वाटलं असतं. मला मात्र दर वेळी पदवीदान झाल्यासारखं वाटायचं.

आता कामाबद्दल. माझ्या हातात टॅब असायचा. त्यात अपघाताच्या कारणासाठी पुण्यात कुणीतरी ठरवून दिलेले पर्याय होते: रस्त्यावर, घरात, खेळताना, उंचावरून, आणि शेवटी ‘इतर’. आमच्या दोन तालुक्यांतली निम्मी माणसं इतरमध्येच जायची. कांदा साठवायच्या बराखीवरून उतरताना घसरलेला माणूस, जुन्या मोटरसायकलची किक उलटी बसलेला माणूस, मेंढरांच्या लोंढ्यात पाय अडकलेली धनगराची म्हातारी, नव्या घरातल्या गुळगुळीत लादीवर पहिल्याच दिवशी सपशेल झोपलेली आजी. डॉक्टरांना या ‘इतर’चा मनापासून राग. “इतर म्हणजे काय? इतर म्हणजे आपल्याला कळालं नाही,” असं म्हणायचे. आणि त्याहून राग ‘पडलो’ या शब्दाचा. पेशंट म्हणाला, “काय न्हाई साहेब, पडलो,” की हे स्टूल ओढून बसलेच. पडणं हे कारण नव्हे, पडणं हा शेवट. मला सुरुवात सांगा.

सुरुवात सापडली की ते खिशातून जाड मार्कर काढायचे आणि पेशंटच्या प्लास्टरवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहायचे. किक. बराख. लादी. मेंढरू. ज्यांच्या नडगीत सळई घातली असेल आणि प्लास्टर नसेल, त्यांच्या बँडेजवर चिकटपट्टी लावून तीवर लिहायचे. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, टॅबमधलं पुण्याला जातं, प्लास्टरवरचं गावाला जातं.

आणि खरंच जायचं. आमचा वॉर्ड म्हणजे वाचनालय झालं होतं. भेटायला आलेले पाहुणे आपला पेशंट सोडून बाकीच्यांचे पाय वाचत फिरायचे. ‘किक’वाले एका बाजूला जमून कुठल्या कंपनीची गाडी जास्त लाथा मारते यावर भांडायचे. ‘लादी’वाल्या आज्या आपापल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या, “म्या म्हणलं व्हतं, शेणाचं राहू दे. पण ह्यांना चकचकीत पायजे.” पोरं खाली मान घालून मोसंबी सोलायची. पुढं त्याच पोरांनी न्हाणीघराबाहेर तरट अंथरल्याचं मी घरोघर बघितलं.

एकदा जुन्नरच्या बाजूचे एक पाहुणे आले. कारण विचारलं तर डोळे मोठे करून म्हणाले, बिबट्या. आमच्याकडं बिबट्या म्हणजे काही नवल नाही, उसाच्या फडात असतातच. पण बिबट्यापायी नडगी मोडलेला माणूस वॉर्डात पहिलाच. त्यांच्या प्लास्टरवर ‘बिबट्या’ लिहिलं गेलं आणि त्यांचा भाव वाढला. त्यांना चहा पहिला मिळायचा, खिडकीजवळची कॉट मिळाली, आणि दर संध्याकाळी बिबट्या थोडा थोडा मोठा होत गेला. मग त्यांची बायको आली. तिनं पायावरचा शब्द वाचला आणि कपाळाला हात लावला.

“कसला बिबट्या! शेजारणीचं काळं कुत्रं व्हतं. ह्यांनी बॅटरी बी लावली न्हाई.”

डॉक्टरांनी तिथल्या तिथं बिबट्यावर काट मारली आणि खाली ‘काळं कुत्रं’ लिहिलं. पाहुण्यांचा चेहरा बघवेना. “साहेब,” ते म्हणाले, “निदान बिबट्यासारखं कुत्रं असं तरी लिवा.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या कॉटवर बसले आणि समजावून सांगितलं की बिबट्या लिहिला तर उद्या फॉरेस्टवाले येऊन पिंजरा लावतील, आणि कुत्रं गल्लीत मोकळंच फिरत राहील. पुढचा पाय ते कुत्रंच मोडणार. पाहुण्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून त्यांचा चहा शेवटी यायला लागला आणि ते डॉक्टरांवर रुसले. रुसले तरी तपासणीला वेळच्या वेळी यायचे. हे पाहुणे पुढं पुन्हा येणार आहेत, म्हणून लक्षात ठेवा.

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सांगते, म्हणजे डॉक्टर काय चीज होते ते कळेल. सकाळी सकाळी म्हणाले, “ओ ग्रॅज्युएट, घाटात जायचंय. चला.” मला फार आनंद झाला. आमच्याकडं घाट म्हणजे बैलगाडे पळवायची चढाची वाट. यात्रा आली की प्रत्येक गावच्या घाटात गाडे पळतात. खालून बैल सुटतात, पुढं घोडी धावते, वर माथ्यावर निशाण पडतं आणि लाऊडस्पीकरवाला “भिर्रर्र” करून ओरडतो. मधली काही वर्षं बंदी होती. ती उठल्यापासून माणसं दुप्पट हौसेनं घाटात जातात. मला वाटलं, साहेब नव्या माणसाला गाडे दाखवायला नेतायत. मी डोक्याला रुमाल घेतला, पिशवीत भाकरी-ठेचा घेतला आणि गाडीत बसले.

गाडी हायवेनं निघाली. एक एक गाव मागं पडत होतं आणि मी मनात म्हणत होते, इथं नाही तर पुढं असेल. आळेफाट्याला डावीकडं वळलो, ओतूर गेलं, मढ गेलं. नवी नोकरी, साहेबांना विचारायचं कसं? शेवटी गाडी थांबली ती माळशेजच्या वळणावर, दरीच्या काठाला. डॉक्टर पॅड बांधून उतरले आणि रस्त्याच्या कठड्याची उंची वितीनं मोजायला लागले. डांबरावर बोटं फिरवली, वळणावर पुढं-मागं चालून बघितलं. टपरीवाल्याला विचारलं, इथं माणसं नेमकी कुठं पडतात. टपरीवाल्याला वाटलं, हा साध्या वेशातला पोलीस. इथं कुणी पडत न्हाई साहेब, असं तो पुन्हा पुन्हा शपथेवर सांगत राहिला. एक माकड बॉनेटवर बसून सगळं ऐकत होतं.

परतताना मढला चहाला थांबलो. डॉक्टर पार गोंधळून गेले होते. म्हणाले, “काय की बा, कळंना. यात्रेच्या दिवसांत एवढी माणसं घाटात पाय मोडून येतात. आणि एकाची गाडी मोडत नाही, एक जण दरीत जात नाही. सगळे नडगीवरच कसे पडलेत?”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, “सर, कोणत्या गावच्या घाटात?”

“गावच्या? घाट काय गावाचा असतो का?”

मी गाड्यांचा घाट सांगितला; बंदीत गाड्याचं नाव घ्यायची चोरी, म्हणून माणसं नुसतं ‘घाटात पडलो’ म्हणायची, ती सवय राहिलेली. त्यांनी कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि हसायला लागले. इतके हसले की बाकडं हलून चहा सांडला आणि हॉटेलवाला फडकं घेऊन धावत आला. हसू आवरलं तेव्हा म्हणाले, बरं झालं, नाहीतर मी बांधकाम खात्याला माळशेजचा कठडा वाढवा म्हणून पत्र पाठवणार होतो. मग माझ्या पिशवीतली भाकरी आम्ही दोघांनी तिथंच खाल्ली. घाटात खायला म्हणून आणलेली, मढच्या एसटी स्टँडसमोर खाल्ली.

त्या दिवसापासून प्लास्टरवर ‘घाट’ लिहायचं बंद झालं आणि ‘गाडा’ लिहायला सुरुवात झाली. चैत्र लागला की वॉर्डात जिकडं बघावं तिकडं गाडा. डॉक्टर त्या माणसांकडं स्टूल ओढून बसायचे आणि मागं मागं जायचे. गाड्यानं कसं? वर माथ्यावर उभा होतो. माथ्यावर कुठं? निशाणाच्या पुढं, बैल येतात तिथंच. तिथं कशाला? तिथनं लई भारी दिसतं. सुरुवात सापडली होती. बैलाला निशाण कळत नाही, तो निशाणाच्या पुढंही पळतो, आणि नेमकी तिथंच गर्दी छाती काढून उभी असते.

डॉक्टरांना रिटायर व्हायला थोडा काळ राहिला होता. एकदा ओपीडी संपल्यावर ते मार्करचं टोपण लावत म्हणाले, “आयुष्यभर शब्द लिहिले बघा. जायच्या आधी एक शब्द तरी कमी करून जावं म्हणतो. एकाच गावचा झाला तरी चालंल.”

गाव ठरलं आमचं. महाळुंगे पडवळच्या पलीकडची आमची वाडी लहान, पण घाट मोठा नावाजलेला. यात्रा कमिटीचे अध्यक्ष माझे चुलते, तात्या. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं की माथ्यावर बांबू रोवून हिरव्या शेडनेटची जाळी लावावी आणि माणसांनी जाळीमागं उभं राहावं. मी तात्यांना सांगितलं, तर त्यांनी तंबाखू चोळता चोळता उत्तर दिलं, “मच्छरदाणीतनं जत्रा बघायची व्हय? उद्या म्हणशील, बैलांना बी मास्क लावा.”

तरी त्यांनी कमिटीच्या बैठकीला बोलावलं. देवळाच्या मंडपात सगळे जमले. माझी खात्री होती की डॉक्टर भाषण करणार, मी तर त्यांना तक्तेसुद्धा काढून दिले होते. त्यांनी ते तक्ते घडी घालून खिशात ठेवले आणि सगळ्यांना विजारी वर करायला लावल्या. आधी हशा झाला, मग एकेकानं नडग्या उघड्या केल्या. प्रत्येकीवर काहीतरी होतं, व्रण, टेंगूळ, खड्डा. डॉक्टर गुडघ्यांवर सरकत एकेकाची नडगी बघत होते आणि माणसं आपापल्या कथा सांगायला लागली. असा रंगलेला मंडप मी भजनालाही बघितला नव्हता. तात्यांनी मात्र धोतर घट्ट धरून ठेवलं होतं.

डॉक्टर त्यांच्यासमोर आले. म्हणाले, “तात्या, तुम्ही मंडपात चालत आलाव तेव्हाच बघितलं मी. डावा पाय कुठल्या घाटात मोडला?”

तात्या म्हणाले, चिंचेवरून पडलो होतो तरुणपणी. आमच्या घरात ही चिंच सगळ्यांना माहीत होती. परड्यातली ती चिंच आजीनं त्यापायी तोडून टाकली होती. डॉक्टरांनी नुसतं विचारलं, चिंचेवरून कशानं? तात्यांनी धोतर आणखी घट्ट धरलं. कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला, “सांगा की आता. त्या झाडाचा जीव गेला तुमच्यापायी.”

तेव्हा तात्यांनी धोतर सोडलं. खाली नडगी वाकडी जुळलेली होती. गाडाच होता. बापाच्या माराच्या भीतीनं चिंच सांगितली, ती आजतागायत. मंडप हसून लोळला आणि तात्याही हसले, पण अध्यक्षाचा मान राखायला लगेच गंभीर झाले.

“एक वर्स लावू जाळी,” ते म्हणाले. “पण आमची बी एक अट हाय. जाळीपायी एकाचं जरी हाड मोडलं, तर पुन्यांदा जाळीचं नाव काढायचं न्हाई.”

डॉक्टरांनी हात पुढं केला. “ठरलं.”

यात्रेच्या दिवशी डॉक्टर पॅड बांधून घाटात आले आणि बैलांपेक्षा जास्त शिट्ट्या त्यांना पडल्या. लाऊडस्पीकरवाल्यानं तर त्यांची जोड कोणत्या गावची म्हणून विचारलं. जाळी माथ्यावर ताणून उभी होती, माणसं कुरकुरत का होईना तिच्या मागं होती. गाड्यामागून गाडे आले. निशाणाच्या पुढं बैल मोकळ्या जागेत धावत गेले, थांबले, धरले गेले. डॉक्टर दर गाड्याला श्वास रोखायचे आणि सोडायचे. ऊन उतरेपर्यंत माथ्यावर एका माणसाला खरचटलं नाही.

मग सत्कार. तात्यांनी स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ, आणि आमच्याकडं पाहुण्याला असतो तसा गुलाबी फेटा, तुरा मागं सोडलेला. फेटा बांधणारा म्हणाला, साहेब, फेट्यावर हे पॅड शोभत न्हाईत. डॉक्टरांनी पॅड सोडून माझ्या हातात दिले. टाळ्या झाल्या. डॉक्टर स्टेजवरून उतरले आणि शेवटचं एकदा जाळी बघून येतो म्हणून माथ्याकडं निघाले. फेटा पडू नये म्हणून मान ताठ होती. जन्मभर खाली बघून चाललेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा वर बघत चालला. जाळी ताणून धरायला तिची दोरी जमिनीत खुंटीला बांधली होती. तिच्यात पाय अडकला आणि डॉक्टर आडवे झाले.

मी धावले. ते बसले होते, फेटा शाबूत होता. तोंडावर वेदना होती आणि तिच्या पलीकडं एक प्रकारची उत्सुकता.

“आवाज ऐकलाव का, ग्रॅज्युएट? नडगी. खालचा भाग. एवढी वर्षं लोक सांगत होते, काडकन वाजतं म्हणून. खरंच वाजतं की.”

तोवर बातमी फिरली होती. शेवटचा गाडा नुकताच गेलेला, त्यामुळं लाऊडस्पीकरवाल्यानं जाहीर करून टाकलं की डॉक्टरसाहेबांना बैलानं उडवलं. गाडामालक हात जोडत फिरायला लागला की माझे बैल तर पाणी पीत होते. पण घाटातले सगळे धरून चालले, की बैलच. दोरी बघितलेली मी एकटी.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरांच्याच हाताखाली तयार झालेल्या तरुण डॉक्टरांनी त्यांना प्लास्टर घातलं. मांडीपर्यंत, पांढरंशुभ्र, कोरं. सगळा वॉर्ड दारात जमला होता, कुबड्यांवर, वॉकरवर, एकमेकांच्या खांद्यावर. ‘काळं कुत्रं’वाले पाहुणे शेवटच्या तपासणीला आले होते, ते सगळ्यांत पुढं. माझे वडील आणि तात्या कॉटच्या पायथ्याशी.

तरुण डॉक्टरांनी मार्कर काढून विचारलं, “सर, काय लिहू?”

डॉक्टरांनी कोऱ्या प्लास्टरवरून हात फिरवला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. बैल म्हटलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. जाळी पुढच्या वर्षीही लागली असती, उलट आणखी पक्की. खरं सांगितलं तर तात्यांची अट होती आणि डॉक्टरांनी तिच्यावर हात दिला होता. एक शब्द कमी करायचा होता, तो हातातोंडाशी आलेला.

माझ्या वडिलांनी वाकून हळूच सांगितलं, “साहेब, बैल म्हणा. बैल काय कोर्टात जात न्हाई.”

पाहुण्यांनी ते ऐकलं. कुबडी आपटून म्हणाले, “आन मग माझा बिबट्या का खोडला?”

डॉक्टर हसले. मार्कर हातात घेतला, पुढं वाकले आणि स्वतःच्या नडगीवर लिहिलं. त्यांच्या बाजूनं लिहिल्यामुळं आम्हाला ते उलटं दिसत होतं. तात्यांनी मान वाकडी करून अक्षर अक्षर वाचलं.

“दोरी,” तात्या म्हणाले. “कसली दोरी?”

“जाळीची. खुंटीला बांधलेली. पाय अडकला.” डॉक्टरांनी टोपण लावलं. “अट माझ्या ध्यानात हाय, तात्या.”

मी पॅड छातीशी धरून उभी होते, मुलाखतीला फाईल धरली होती तसे. तात्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग पुन्हा एकदा ते अक्षर वाचलं.

“आमी काय म्हणलं व्हतं? जाळीपायी मोडलं तर. हितं काय लिवलंय? दोरी.” त्यांनी वर बघितलं. “तुमीच सांगता न्हवं जगाला, की नेमकं सांगा. मग नेमकं दोरी हाय. जाळीचा काय संबंध? दोरीला चिंध्या बांधू, लाल. लांबनं दिसत्याल. मार्कर द्या हिकडं.”

आणि तात्यांनी, ज्यांना सहीपलीकडं फारसं लिहायची सवय नव्हती, दोरीच्या खाली आमच्या बाजूनं, सगळ्यांना सुलट दिसेल असं लिहिलं: घाटाचा राजा. यात्रेत सगळ्यांत वेगानं आलेल्या गाड्याला हा मान मिळतो. वॉर्डात एकच कल्ला झाला, कुबड्या फरशीवर वाजल्या. ‘काळं कुत्रं’वाले पाहुणे तात्यांना म्हणाले, अक्षर छान हाय तुमचं, माझ्या बी पायावर काहीतरी लिवा. पण त्यांचं प्लास्टर त्याच सकाळी कापलं होतं.

डॉक्टर आता रिटायर झालेत, पण राहतात मंचरलाच. सांगतात, लातूरला माझ्या ओळखीचे पायच उरले नाहीत. मी आता दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात काम करते. तिथल्या फॉर्ममध्येही शेवटी ‘इतर’ आहे, आणि त्यात माझं एकही माणूस जाऊ नये म्हणून मी स्टूल ओढून बसते. तिथले साहेब म्हणतात, या बाई फार वेळ घेतात. घेते. ग्रॅज्युएट आहे.

यंदाच्या यात्रेला आम्ही सगळे गेलो होतो. माथ्यावर जाळी होती, आणि तिच्या दोऱ्यांना काकूंच्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या. वर्षभरात आमच्या वाडीचा एकही ‘गाडा’ त्या वॉर्डात आला नव्हता. तात्यांनी डॉक्टरांना पुन्हा स्टेजवर बोलावलं. फेटा बांधला. फेटा बांधणारा खाली बघून काहीतरी बोलणार होता, पण तात्यांनी डोळे वटारले, तेव्हा पॅड राहिले.

डॉक्टर गुलाबी फेटा आणि पांढरे पॅड घालून स्टेजवरून उतरले आणि माथ्याकडं चालत गेले. मान खाली, नजर जमिनीवर, आपल्या नेहमीच्या चालीनं. गेल्या वर्षी पडले त्या जागी आले. तिथली खुंटी तात्यांनी कधीच उपटून दुसरीकडं रोवली होती, तिथं काही नव्हतं, नुसती माती. तरी डॉक्टर थांबले. त्या नसलेल्या दोरीकडं नीट बघितलं, मग पॅड बांधलेला पाय गुडघ्यापर्यंत उंच उचलून ती ओलांडली.

लाऊडस्पीकरवाल्याला तेवढंच हवं होतं. त्यानं माईक तोंडाला लावला आणि त्याच्यामागोमाग अख्खा घाट ओरडला, “भिर्रर्र...”